जनरल जगन्नाथराव भोसले आणि जपानी किकान

मुंबईस मंत्रालयाच्या शेजारून जनरल जगन्नाथराव भोसले यांच्या नावाचा एक रस्ता जातो. सांगलीहून सरकारी कामासाठी तेथे हेलपाटे घालणाऱ्या आमच्या कित्येक पालकांनी तो पायांखाली घातला असेल. परंतु हे जनरल भोसले कोण, असे मुलांनी विचारले तर उत्तर देताना थोडे अडखळावे लागेल. आझाद हिंद सेनेचे नाव निघाले की नेताजी सुभाषचंद्र बोस यांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ते योग्यच आहे. पण सेना केवळ नेत्याच्या वाणीवर चालत नाही. तिची शिस्त, तिच्या बढत्या, तिचा शिधा, आणि ज्यांच्याकडून शस्त्रे मिळावयाची त्यांच्याशी रोजची बोलणी, हे सर्व कोणीतरी पाहावे लागते. ते पाहणाऱ्यांतील एक प्रमुख पुरुष आपल्या महाराष्ट्राचा होता.

या चरित्राचा एक धागा भाषेचा आहे, आणि शाळेत तीन भाषांशी झुंजणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना तो रुचेल असे आम्हांस वाटते. जगन्नाथरावांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण वर्षे एका जपानी शब्दाच्या सहवासात गेली. तो शब्द म्हणजे किकान. त्याचा अर्थ काय घ्यावयाचा, मित्राची कचेरी की मालकाचे हेरखाते, या प्रश्नावर त्या काळी हजारो हिंदी सैनिकांचे दैव अवलंबून होते.

जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचा जन्म १९०६ साली सावंतवाडी संस्थानातील तिरोडे या गावी झाला. आमच्या विश्रामबागेहून निघून अंकली, जयसिंगपूर करीत कोल्हापूर गाठावे आणि पुढे आंबोलीचा घाट उतरावा, म्हणजे तो मुलूख लागतो. काळी जमीन आणि उसाचे मळे मागे राहतात, तांबडी माती आणि माड सुरू होतात. त्या भागातील घराघरांतून कोणी मुंबईस चाकरीला तर कोणी पलटणीत, असा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या होता. तथापि पलटणीत शिरणे निराळे आणि पलटणीचा अंमलदार होणे निराळे. हिंदी मनुष्य कितीही शूर असला तरी त्याची मजल पूर्वी सुभेदारीच्या पुढे सहसा जात नसे. नुकताच विलायतेहून आलेला गोरा पोरही त्याच्या वरचा ठरे. पहिल्या महायुद्धानंतर हे दार किंचित उघडले. १९२२ साली देहरादून येथे हिंदी मुलांसाठी लष्करी शिक्षणाची शाळा निघाली, व तेथील निवडक मुले पुढील शिक्षणासाठी इंग्लंडातील सँडहर्स्टच्या विद्यालयात जाऊ लागली. जगन्नाथराव याच वाटेने गेले आणि पंचविशीच्या आत इंग्रजी फौजेचे अंमलदार झाले. पुढील दहा-बारा वर्षे छावणी, कवायत आणि बदल्या यांत गेली. त्यांविषयी विस्तार करण्याचे कारण नाही.

१९४२ च्या आरंभी ते लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावर गढवाल रायफल्सच्या पलटणीबरोबर मलायात होते. हिंदी अंमलदारांत हा हुद्दा त्या काळी फारच थोड्यांना लाभला होता. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी फौजा मलायाच्या किनाऱ्यावर उतरल्या, आणि अवघ्या सत्तर दिवसांत, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, अजिंक्य म्हणून गाजविलेले सिंगापूर शरण गेले. शरण गेलेल्या फौजेत जगन्नाथरावही युद्धकैदी झाले.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे १७ फेब्रुवारीस, सिंगापुरातील फेरर पार्क नावाच्या मैदानावर सर्व हिंदी सैनिक व अंमलदार एकत्र करण्यात आले. गोऱ्या सैनिकांना आधीच वेगळे काढले होते. सुमारे ४५,००० माणसे तेथे बसली होती असे सांगतात. प्रथम एका इंग्रज अंमलदाराने त्यांना जपान्यांच्या स्वाधीन केल्याचे जाहीर केले. मग मेजर फुजिवारा इवाइची हा तेहतीस वर्षांचा जपानी अंमलदार बोलण्यास उभा राहिला. तो जपानीत बोले, लेफ्टनंट कुनिझुका ते इंग्रजीत सांगे, आणि ते इंग्रजी लेफ्टनंट कर्नल निरंजनसिंग गिल हिंदुस्थानीत आणीत. एकेका वाक्याने असा तीन वेळा जन्म घ्यावा! दूर कोठे एखादा मराठी शिपाई बसला असेल तर त्याने चौथ्यांदा ते मनाशी मराठीत करून घेतले असेल. जपान तुम्हांला कैदी मानीत नाही, मित्र मानतो. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी सेना उभारा, जपान साहाय्य करील, असा त्या भाषणाचा आशय होता. त्यानंतर कॅप्टन मोहनसिंग यांनी त्याच कार्यासाठी सैनिकांना आवाहन केले. पुष्कळांनी टोप्या उडविल्या, पुष्कळ गप्प राहिले.

हा फुजिवारा कोणत्याही पलटणीचा नव्हता. तो एफ किकानचा प्रमुख होता. येथे आपला शब्द प्रथम भेटतो, तेव्हा जरा थांबून त्याची ओळख करून घेऊ.

किकान हा शब्द दोन चिनी अक्षरांनी लिहितात. पहिल्या अक्षराचा अर्थ यंत्र किंवा माग. दुसऱ्याचा अर्थ अडसर, वेशीचे दार, आणि त्यावरून सांधा किंवा संबंध. दोन्ही मिळून चालना देणारी वस्तू असा अर्थ होतो. वाफेच्या इंजिनास जपानी भाषेत ज्योकि किकान म्हणतात. विश्रामबाग स्टेशनावरून मिरजेकडे गाडी ओढीत नेणारे इंजिन एखाद्या जपानी मुलाने पाहिले तर तो त्यास किकानशा म्हणेल. शा म्हणजे गाडी. पेढ्या आणि बँका या किन्यू किकान, तर प्रवासाची साधने ही कोत्सू किकान. हे विचित्र वाटू नये. आपल्या मराठीतही यंत्रावरूनच यंत्रणा हा शब्द निघाला आहे, आणि गुप्तचर यंत्रणा असे आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. जपानी लष्कराने तोच मार्ग धरला. तोकुमु म्हणजे विशेष कामगिरी. तोकुमु किकान म्हणजे विशेष कामगिरीची यंत्रणा. चीन, मांचुरिया, ब्रह्मदेश, मलाया, जेथे जेथे जपानी फौज गेली तेथे तेथे असे एखादे किकान तिच्या पुढे किंवा मागे असे. ब्रह्मदेशातील कर्नल सुझुकी याच्या यंत्रणेचे नाव मिनामि किकान होते. मिनामि म्हणजे दक्षिण. फुजिवाराने आपल्या किकानास इंग्रजी एफ हे अक्षर दिले. ते त्याच्या नावाचे आद्याक्षर, आणि मित्र व स्वातंत्र्य या अर्थांच्या इंग्रजी शब्दांचेही तेच आद्याक्षर.

या खात्यातील इतर शब्दही ऐकण्यासारखे आहेत. ज्योहो म्हणजे परिस्थितीचा वृत्तांत. साधी माहिती आणि लष्करी बातमी या दोहोंना हाच एक शब्द चालतो. छपून काढलेल्या बातमीला मात्र च्योहो म्हणतात. हेर म्हणजे कांच्यो. यातील पहिल्या अक्षराचा अर्थ फट किंवा दोहोंमधील अंतर, म्हणून कांच्यो हा फटीत शिरलेला मनुष्य होय. शत्रूच्या हेरांपासून संरक्षण ते बोच्यो, डावपेच ते बोर्याकु, प्रचार तो सेंदेन, दळणवळण ते रेंराकु, आणि दुभाष्या तो त्सूयाकु. लष्करी पोलिसास केंपेइ म्हणत. शब्दशः तो कायद्याचा शिपाई, परंतु सिंगापुरात त्या नावाने माणसांचा थरकाप होई. हेरांना शिक्षण देण्यासाठी १९३८ साली तोकियोत एक संस्था निघाली, तिचे नाव नाकानो गाक्को. गाक्को म्हणजे शाळा. शाळेचा हाही एक उपयोग जगात होतो!

आमच्या विद्यार्थ्यांना हे शब्द उच्चारण्यास अडचण पडणार नाही. जपानी अक्षरमालेचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. आपल्या वर्णमालेच्या ओळखीचे वळण त्यात स्पष्ट दिसते. त्याचे कारण असे की बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी भारतीय लिपीचा अभ्यास केला आणि तो क्रम जपानात रुजला. आणखी एक गंमत. त्सूयाकु या शब्दातील पहिला उच्चार इंग्रजाच्या जिभेला जड जातो, परंतु आपण चुना किंवा चमचा म्हणतो तेव्हा तोच च आपल्या तोंडून सहज निघतो. उलट ज्योहोमधील ज हा जहाजातला नव्हे, ज्योतीतला. आणि जपानीत ल नाही, भ नाही. त्यामुळे भोसले या नावाचे त्यांच्या तोंडी बोसुरे असे काहीतरी होणार.

आपल्या मराठीत या धंद्याचे शब्द कमी नाहीत. हेर हा हेरणे या क्रियापदातून आलेला, म्हणजे बारकाईने पाहणारा. जासूद, नजरबाज, हरकारा हे फारसी-अरबीच्या वाटेने आलेले. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरांतून निवडून छापलेली जुनी पत्रे ज्यांनी चाळली असतील त्यांना जासूद जोड्या आणि त्यांनी आणलेल्या बातम्या ठाऊक आहेतच. आणि आपल्याच जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील बानूरगडावर, शिवछत्रपतींचे हेरप्रमुख बहिर्जी नाईक यांची समाधी दाखवितात. त्या काळच्या भाषेत दोन शब्द अगदी निरनिराळे होते. जासूद बातमी आणी, आणि वकील एका दरबाराची बाजू दुसऱ्या दरबारात मांडी. वकील पाठविला म्हणजे समोर दरबार आहे असे मान्य केले. ज्याच्याकडे नुसते जासूद पाठवावयाचे, तो केवळ पाहण्याचा आणि वापरण्याचा विषय. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील कथा नीट समजेल.

मोहनसिंग हे कॅप्टन, आणि भोसले व गिल हे लेफ्टनंट कर्नल. लष्करात वरच्याने खालच्याचा हुकूम मानणे ही सोपी गोष्ट नव्हे; परंतु जगन्नाथरावांनी ते मान्य केले. १ सप्टेंबर १९४२ रोजी पहिली आझाद हिंद सेना रीतसर उभी राहिली. तिची संख्या सुमारे १६,००० होती, आणि तिच्यातील हिंदुस्थान फील्ड फोर्स या दलाचे आधिपत्य भोसल्यांकडे आले. सर्वच कैदी सेनेत गेले नाहीत हेही सांगितले पाहिजे. ज्यांनी घेतलेली शपथ मोडावयाची नाही असे ठरविले त्यांतील पुष्कळांना जपान्यांनी न्यू गिनीसारख्या बेटांवर मजुरीस धाडले, आणि उपासाने व रोगाने त्यांतील कितीतरी मेले. त्यांनाही आपण विसरू नये.

मधल्या काळात किकान बदलले होते. फुजिवारा थोड्या माणसांनिशी काम करी आणि हिंदी लोकांत मिसळे. त्याच्या जागी कर्नल इवाकुरो हिदेओ आला. हा मोठा मुरब्बी मुत्सद्दी. नाकानो शाळेच्या स्थापनेत त्याचा हात होता, आणि १९४१ साली वॉशिंग्टन येथे अमेरिकेशी चाललेल्या वाटाघाटींतही तो होता. त्याच्या किकानात सुमारे अडीचशे माणसे होती. नाव एकच, परंतु अर्थ पालटला. पूर्वी जे मैत्रीचे सूत्र होते ते आता खाते झाले, आणि खात्याला टिपणे, कोष्टके आणि हुकूम लागतात. जून १९४२ मध्ये बँकॉकच्या परिषदेत हिंदी पुढाऱ्यांनी ठराव करून जपान सरकारकडे स्पष्ट आश्वासने मागितली होती. त्यांना तोकियोकडून सरळ उत्तर येईना. जे काही येई ते किकानमार्फत, आणि तेही मोघम.

पिनांगच्या बेटावर एन्. राघवन यांनी स्वराज्य संस्था नावाची एक शिक्षणसंस्था चालविली होती. तेथील काही तरुणांना किकानच्या माणसांनी राघवन यांस न विचारता उचलले आणि पाणबुडीतून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर सोडले. सप्टेंबर १९४२ मध्ये मलबारातील ताणूर येथे एक तुकडी उतरली आणि लगेच पकडली गेली. अशा रीतीने आलेल्यांपैकी वक्कम खादर, सत्येंद्र बर्धन, अनंतन नायर आणि फौजासिंग या चौघांना १० सप्टेंबर १९४३ रोजी मद्रासच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. खादर यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. च्योहो या लहानशा शब्दाची किंमत अशी मोजली जाते. राघवन यांनी निषेध म्हणून संस्था बंद केली.

डिसेंबर १९४२ मध्ये गाठ तुटण्यापर्यंत ताणली गेली. ब्रह्मदेशाच्या सीमेवर हेरगिरीसाठी पाठविलेला एक हिंदी अंमलदार इंग्रजांस जाऊन मिळाला. त्यावरून किकानचा संशय वाढला आणि गिल यांना अटक झाली. सेनेची माणसे परस्पर ब्रह्मदेशास हलविण्याचा हुकूमही वादाचे कारण झाला. मोहनसिंग यांनी तो मानला नाही. अखेर २९ डिसेंबर रोजी जपान्यांनी त्यांना पकडले, आणि आधी ठरल्याप्रमाणे सेना विसर्जित झाली असे जाहीर झाले. सैनिकांनी आपली चिन्हे काढून टाकली.

आता जगन्नाथरावांपुढे कोणता मार्ग होता? मोहनसिंगांप्रमाणे नकार द्यावा, तर मान उजळ राहते. पण हजारो सैनिक पुन्हा कैदी होऊन जपान्यांच्या तावडीत जातात, आणि न्यू गिनीच्या वाटेला लागतात. पुढे चालू ठेवावे, तर ज्या किकानने आपल्या सहकाऱ्यांना अटक केली त्याच किकानशी रोज बोलावे लागते, आणि लोक त्यास लाचारी म्हणण्यास मोकळे. फेब्रुवारी १९४३ मध्ये इवाकुरोने अंमलदारांच्या बैठका घेतल्या. वृद्धापकाळाकडे झुकलेले रासबिहारी बोस, जे १९१५ पासून जपानात आश्रयास होते, तेही समजूत घालीत होते. युरोपातून सुभाषबाबू येणार अशी आशा होती. पुष्कळांनी ती आशा हीच अट घातली. जगन्नाथराव राहिले. नव्या रचनेत सेना एका व्यक्तीच्या मुठीत न ठेवता हिंदी स्वातंत्र्य संघाच्या हाताखाली देण्यात आली, आणि त्यासाठी जे लष्करी खाते निघाले त्याचे संचालक म्हणून भोसल्यांची नेमणूक झाली. शाहनवाझ खान, सहगल, हबीबुर रहमान, कियानी हे त्यांचे सहकारी.

काही लेखक मोहनसिंगांच्या बाणेदारपणाची स्तुती करताना मागे राहिलेल्यांस कमी लेखतात. आम्हांस ते पटत नाही. मोहनसिंगांनी किकानला नाही म्हटले म्हणूनच किकानला पुढे सांभाळून वागावे लागले, हे खरे. परंतु भोसल्यांसारखी माणसे राहिली नसती तर १९४३ च्या जुलैत नेताजी सिंगापुरास उतरले तेव्हा त्यांना सलामी देण्यास सेनाच उरली नसती. तरीही हा निर्णय निष्कलंक होता असे म्हणणे धाडसाचे होईल. ज्या जपानी लष्कराच्या पाठबळावर ही सेना उभी होती त्याच लष्कराने सिंगापुरातील चिनी रहिवाशांच्या कत्तली केल्या होत्या, आणि अंदमानात पुढे हिंदी लोकांसही छळले. स्वातंत्र्याचे कार्य अशा हातांनी दिलेल्या बंदुकीने करावे लागले, ही त्या पिढीची कठीण अवस्था होती.

नेताजी २ जुलै १९४३ रोजी सिंगापुरास आले. ४ तारखेस त्यांनी संघाची सूत्रे घेतली व ५ तारखेस सेनेची पाहणी केली. तत्पूर्वीच किकानचे नाव पुन्हा बदलले होते. आता ते हिकारि किकान झाले. हिकारि म्हणजे प्रकाश. त्याचा प्रमुख कर्नल यामामोतो पूर्वी बर्लिनमध्ये जपानचा लष्करी प्रतिनिधी होता व नेताजींस तेथेच भेटलेला. पुढे १९४४ च्या आरंभी लेफ्टनंट जनरल इसोदा त्या जागी आला. जपान्यांच्या दृष्टीने हे रेंराकुचे, म्हणजे नुसत्या दळणवळणाचे कार्यालय. नेताजींस हा नुसता दिवा नको होता. त्यांना दरबार हवा होता. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी त्यांनी स्वतंत्र हिंदुस्थानचे हंगामी सरकार स्थापिले. त्यात सेनेचे जे प्रतिनिधी मंत्री झाले त्यांत भोसल्यांचे नाव आहे. नऊ राष्ट्रांनी त्या सरकारास मान्यता दिली. ही नऊही राष्ट्रे जपान-जर्मनीच्या गोटातील किंवा त्यांच्या दाबाखालील होती, हे खरे आहे. पण मान्यता मिळताच प्रश्न बदलला. ज्याचे सरकार मान्य केले त्याच्याशी हेरखात्यामार्फत बोलावयाचे कसे?

जगन्नाथराव सेनेचे चीफ ऑफ स्टाफ झाले, आणि पुढे मेजर जनरल. या पदाचे काम वर्णन करण्यास फारसे रम्य नसते. नवीन भरती, शिक्षणाच्या छावण्या, शिक्षा, बढत्या, कपडे, औषधे, आणि या प्रत्येक बाबतीत हिकारि किकानशी तगादा. मलायातील रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर सेनेत येऊ लागले होते. त्यांना हुकूम कोणत्या भाषेत द्यावयाचे हाही प्रश्न होताच. सेनेने कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी हिंदुस्थानीत केले, आणि परस्परांस जय हिंद म्हणण्याची रीत पाडली. शत्रूच्या गोटात शिरून बातमी आणणाऱ्या आपल्या तुकड्यांस त्यांनी बहादुर गट हे नाव दिले. जासुदाला बहादुर म्हणावे यात आम्हांस मोठे औचित्य दिसते. किकानने माणूस उचलला तर तो कांच्यो ठरतो. आपल्या सेनेने पाठविला तर तो बहादुर. माणूस तोच, पाणबुडीही तीच, परंतु पाठवणारा कोण यावर नाव ठरते.

१९४४ ची इंफाळची मोहीम फसली. पाऊस, उपासमार, मलेरिया आणि विमानांचा मारा यांनी सेनेची दैना झाली. त्या मोहिमेची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या पुस्तकांतून वाचली आहे, म्हणून येथे पुन्हा सांगत नाही. पण त्याच पडत्या काळात एक लहानशी गोष्ट घडली. जपान सरकारने हंगामी सरकारकडे अखेर एक वकील धाडला. त्याचे नाव हाचिया तेरुओ, आणि हुद्दा कोशि. कोशि म्हणजे एका सरकारने दुसऱ्या सरकारकडे पाठविलेला मुत्सद्दी प्रतिनिधी. मार्च १९४५ मध्ये तो रंगूनला पोहोचला. परंतु त्याच्यापाशी अधिकारपत्र नव्हते. हे सरकार हंगामी, त्यास अधिकारपत्र कशाला, असा तोकियोचा विचार दिसतो. नेताजींनी त्यास भेट नाकारली. इंग्रजी रणगाडे रंगूनच्या रोखाने येत होते, अन्न व दारूगोळा जपान्यांकडून यावयाचा होता, आणि अशा वेळी कागदाच्या एका तुकड्यासाठी हा वकील दारात तिष्ठत राहिला. हट्ट म्हणावा तर खराच हट्ट. पण तीन वर्षे ज्यांनी किकानशी व्यवहार केला होता त्यांना त्या कागदाचे मोल पक्के ठाऊक होते. अधिकारपत्र तोकियोहून मागविले गेले. ते येण्यापूर्वीच, २४ एप्रिल १९४५ रोजी, नेताजींस रंगून सोडावे लागले.

ऑगस्टात जपान शरण गेला. सेनेच्या इतर अंमलदारांप्रमाणे जगन्नाथरावही इंग्रजांच्या हाती लागून अटकेत पडले. नोव्हेंबर १९४५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहनवाझ खान, सहगल व ढिल्लन यांच्यावर पहिला खटला उभा राहिला. भुलाभाई देसाई यांनी बचावाचे काम चालविले. त्यांचा मुख्य मुद्दा असा की हे बंडखोर शिपाई नव्हेत, एका मान्य सरकारचे सैनिक आहेत. तो सिद्ध करण्यासाठी जपानहून साक्षीदार आणविले, आणि त्यांत हाचिया होता. रंगूनला ज्याला भेट मिळाली नाही, त्यानेच दिल्लीत शपथेवर सांगितले की जपानने आपणांस त्या सरकारकडे नेमले होते. त्या अधिकारपत्राच्या हट्टाचा उपयोग असा झाला. तिघा आरोपींस जन्मठेप सुनावली गेली, पण लोकक्षोभ इतका झाला की सरसेनापतीने ती शिक्षा माफ केली. भोसल्यांचीही पुढे सुटका झाली.

स्वातंत्र्यानंतर आझाद हिंद सेनेतील अंमलदारांना सैन्यात परत घेतले गेले नाही. ज्याचे सारे शिक्षण लष्कराचे, त्याला लष्कराचे दार बंद. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जगन्नाथराव रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर गेले व केंद्र सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीने घरदार गमावलेल्या लाखो लोकांचा भार या खात्यावर होता. दिल्लीतील निर्वासितांच्या वसाहतींत फिरताना त्यांच्या मनात मुलांचा विचार आला. ही मुले दंगे पाहून आलेली, शाळा तुटलेली, कोणाचे आईबाप नाहीत. १९५४ साली कस्तुरबा निकेतन या निर्वासितांच्या आश्रमात त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, सामुदायिक व्यायाम, गाणी, थोरांच्या गोष्टी आणि नेटके राहणे, असा तिचा साधा क्रम होता. फार खर्च नाही, फार पुस्तके नाहीत. ती योजना हळूहळू इतर प्रांतांतील शाळांतही गेली.

लष्करी शिस्त मुलांस शिकवावी की नाही याविषयी मतभेद आहेत, आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीतही ते ऐकू येतात. पण उपमंत्र्याने निर्वासितांच्या आश्रमातील पोरांसाठी कवायतीची आखणी करावी, हे चित्र आम्हांस त्यांच्या सिंगापुरातील कोणत्याही संचलनापेक्षा अधिक भावते. १९६३ साली त्यांचे देहावसान झाले. दोन वर्षांनी, १९६५ मध्ये, त्यांची योजना शाळांतील शारीरिक शिक्षणाच्या दुसऱ्या एका मोठ्या कार्यक्रमात मिसळून गेली. फुजिवारा १९८६ पर्यंत जगला. युद्धानंतर तो जपानच्या संरक्षण दलात लेफ्टनंट जनरल झाला, आणि आपल्या आठवणींचे जे पुस्तक त्याने लिहिले त्याचे नाव एफ किकान असेच ठेवले.